रंजनाताईंनी पाणी मागितलं

परवा सकाळी रंजनाताईंनी आमच्याकडे पाणी मागितलं.

यात पोस्ट टाकण्यासारखं काय, असं वाटेल. पण रंजनाताई अकरा वर्षं आमच्याकडे भांडी-लादी करतायत आणि त्यांनी कधी पाणी मागितलेलं मला आठवत नाही. भर मे महिन्यात बायकोने ग्लास पुढे केला तरी दोन घोट, बाकीचं सिंकमध्ये... मला वाटायचं, असते एकेकाची सवय.

आम्ही मीरा रोडला, शांती नगरमध्ये राहतो. गेली सहा वर्षं मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि नियमांवर माझा फार जीव. सुजाता, म्हणजे माझी बायको, म्हणते की देवळात गेलो तरी मी आधी पाटीवरच्या सूचना वाचतो.

गणपतीनंतर रंजनाताई चार दिवस आल्याच नाहीत. लघवीचं इन्फेक्शन, अंगात ताप. डॉक्टरांनी बजावलं होतं, भरपूर पाणी प्या, नाहीतर किडनीवर जाईल. पाचव्या दिवशी आल्या त्या काम सोडते म्हणून सांगायला. सुजाताने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, पाणी पिऊन जाऊ कुठे?"

सकाळी सात ते दुपारी दीड, आमच्याच बिल्डिंगमधली पाच घरं. प्रत्येक घरात दोन-दोन टॉयलेट, ती घासतात रंजनाताईच. आणि त्यातलं एकही त्यांना वापरता येत नव्हतं... आमचंही नाही. आम्ही कधी नको म्हटलं नव्हतं, पण वापरा असंही कधी म्हटलं नव्हतं. हे लिहितानाही लाज वाटतेय.

आमचं त्याच दिवसापासून खुलं झालं. पण कामाला येणाऱ्या बायका वीसेक, त्यांचं काय? खाली सोसायटीच्या ऑफिसमागे एक टॉयलेट आहे. त्यात गणपतीच्या मखराचं सामान कोंबलेलं आणि कुलपाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये.

जनरल मीटिंगमध्ये सुजाता उठली आणि म्हणाली, ते रिकामं करून या बायकांसाठी उघडा. लगेच कुजबुज सुरू झाली. घाण होईल, साफ कोण करणार, आज टॉयलेट उद्या काय...

आणि मी काय केलं? नियम वाचून दाखवला. शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं पहिलं नाव, मत त्याचं. पहिलं नाव गैरहजर असेल आणि त्याने तसं लेखी दिलं असेल, तरच दुसऱ्या नावाला संधी. आमच्या घरात पहिलं नाव माझं. चेअरमननी विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला, सुजाता खाली बसली. घरी आल्यावर तिने सरळ कुकर लावला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

पुढचा महिनाभर ती रोज दुपारी खाली जायची. मला वाटलं, वॉकला जात असेल.

मग मीटिंगचा रविवार आला. अकराला पाच मिनिटं कमी होती आणि हॉलमध्ये मी, चेअरमन आणि चार-पाच पुरुष, एवढेच. कोरमचीच काळजी वाटायला लागली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फिलोमिना आंटी आल्या. मूळच्या इथल्याच उत्तन गावच्या, सत्तरी ओलांडलेल्या. माझ्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाल्या, "आमचे यायचे न्हाय. मी हाय."

त्यांच्या मागे बाकीच्या... कडेवर पोर घेतलेली एक, भाजीच्या पिशवीसकट एक, नाईट ड्युटी करून थेट आलेली एक नर्स. प्रत्येकीच्या हातात पत्र, 'मी आजच्या सभेस गैरहजर आहे, माझ्या वतीने...' पत्राचा नमुना माझाच, माझ्याच ड्रॉवरमधला. काही नवऱ्यांनी आनंदाने सह्या दिल्या होत्या, काहींनी रविवारच्या नाश्त्याकडे बघून.

एकतीस पत्रं. सेक्रेटरी म्हणून ती मलाच मोठ्याने वाचायची होती. इतकी भरलेली आणि इतकी शांत मीटिंग मी सहा वर्षांत पाहिली नव्हती. यातल्या कितीतरी जणींचं पहिलं नाव मला त्या दिवशी कळलं, तोवर त्या माझ्यासाठी 'दोनशे तीनवाल्या वहिनी' होत्या.

सुजाता मात्र मागे भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातात पत्र नव्हतं. महिनाभर दारोदार फिरून सगळं तिने जमवलं आणि मत देता येणार नव्हतं तेवढं तिलाच. कारण पहिलं नाव हजर होतं, रजिस्टर उघडून समोर बसलं होतं.

मतदान सुरू व्हायच्या आधी मी एक कोरा कागद घेतला. गैरहजर असल्याचं लिहिलं, सही केली, तो चेअरमनसमोर ठेवला. पेन आणि रजिस्टरही त्यांच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन लिफ्टपाशी उभा राहिलो.

तिचा हात वर गेलेला मला दिसला नाही. आंटींनी नंतर सांगितलं, सगळ्यात आधी तिचाच गेला. विषय मंजूर झाला. मखर त्याच दुपारी मी स्वतः उचलून गच्चीवरच्या खोलीत नेलं. आता दाराला कुलूप नसतं, किल्ली आतल्या कडीला लटकते.

तर परवा रंजनाताई नेहमीसारख्या सातला आल्या. काम सोडायचं पुन्हा काढलं नाही त्यांनी. ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, जरा पाणी द्या." सुजाताने ग्लास दिला. रंजनाताईंनी तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला आणि परत पुढे केला... अजून द्या म्हणून.

मी पेपर धरून बसलो होतो, पण वाचत नव्हतो. आयुष्यात बऱ्याच मोठ्या गोष्टी बघितल्या असं मला वाटायचं. एक बाई न घाबरता पोटभर पाणी पितेय, हे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.