बाबांच्या कोटावर सांडलेलं हिना

मंडळी, आज दुपारी नातीने थंडी म्हणून माझ्या मनगटाला हिना अत्तर लावलं आणि मला बाबांचा कोट आठवला.

साठ साली मालवणात मी दहा वर्षांची होते. बाबा शाळेत मास्तर. थंडीत ते हिनाचा एकच थेंब लावत. तो उबदार, गोडसर वास दिवसभर टिके. शाळातपासणीच्या सकाळी माझ्या हातून अख्खी कुपी त्यांच्या एकुलत्या एका कोटावर सांडली. बाबा तोच कोट घालून शाळेत गेले. त्यांची नोकरी जाणार, या भीतीने मी जेवलेच नाही.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "साहेब खिडकीकडे जावन बसले, पण शेरो बरो दिल्यानी. तू जेवूक नाय गो?"

तेव्हा मला रडू फुटलं. ते रागावले असते, तर मी कदाचित विसरलेही असते. तुम्हाला कुणाचं न रागावणं असं लक्षात राहिलंय का?