भिंतीवर विश्वास नसलेले भाऊजी

माझ्या नणंदेचे यजमान जगातल्या कोणत्याही माणसावर विश्वास ठेवतील, पण भिंतीवर ठेवणार नाहीत. पेशाने गवंडी, म्हणून हे जरा विचित्रच. कोणाच्याही घरी गेले की चपला काढण्याआधी त्यांची नजर चौकटीवरच्या कोपऱ्यात जाते. मग बोटाच्या पेराने भिंत ठोकून, कान लावून ऐकतात आणि त्यानंतरच पाण्याचा पेला हातात घेतात. डोणगावला एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी हे गायब. शोधलं तर मांडवामागचं बंद दार उघडून ठेव म्हणून किल्लीवाल्याशी हुज्जत घालत होते. मुलीच्या सोयरिकीत त्यांनी मुलाची नोकरी विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. "दरवाजे आत उघडतेत का बाहीर?" एवढंच विचारलं. घरातलं कपाट त्यांनी लोखंडी पट्टीने भिंतीला जखडलंय, देवांच्या तसबिरीसुद्धा तारेने बांधल्यात. "माहे देव कैदेत हायेत," असं नणंद आल्यागेल्याला सांगते.

तरुणपणी, भूकंपानंतर लातूरकडे घरं बांधायच्या कामावर ते दोन वर्षं होते. गेले तेव्हा चारचौघांसारखे होते, आले ते असे, हेही नणंदच सांगते.

त्यांच्याच गावच्या शाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले आणि माझे दिवस फिरले. परिपाठ संपतो न संपतो तोच भाऊजी हजर. पोरांना त्यांनी शिकवून ठेवलं: घंटा सलग तीनदा वाजली की दप्तर डोक्यावर घ्यायचं आणि पळापळ न करता मैदानात जायचं. पोरांना हा प्रकार इतका आवडला की गणिताच्या तासाला हमखास त्याचीच मागणी व्हायची. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले आणि नेमकी घंटा झाली. डोक्यावर दप्तरं घेतलेली अख्खी शाळा शेजारून जाताना पाहून साहेबांनीही मुकाट्याने फाइल डोक्यावर धरली आणि रांगेत लागले.

इथपर्यंत मी हसत होते. मग त्यांनी तिसरीच्या खोलीचा विषय काढला.

"वहिनी, ते खोली खाली करा. भिंत पोट काढून राह्यली."

"भाऊजी, वरती अर्ज दिलाय."

"भिंतीले अर्ज वाचता येत नाई."

पुढचे आठ दिवस ते त्या खोलीबाहेर ठाण मांडून बसले. रोज सकाळी भिंतीला ओळंबा लावायचे आणि दोरी अन् भिंत यांच्यातलं अंतर मला बोटाने मोजून दाखवायचे. नवव्या दिवशी मी कंटाळले. गावातल्या बुद्धविहाराच्या मंडळींना विचारलं, त्यांनी आनंदाने सभागृह दिलं आणि तिसरीचा वर्ग तिकडे गेला. मॅडमची शाळा नंदोई चालवतात, असं गावात बोललं गेलं. मला ते लागलं.

श्रावणात पावसाची झड लागली. चौथ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, ट्रॉलीभर दगड ओतावेत तसा आवाज झाला. चौथीतल्या एका मुलीने कोणी न सांगता घंटेकडे धाव घेतली, तीनदा ठोकली. पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन पावसात निघाली, एकही रडलं नाही. भिंत आतल्या बाजूला पडली होती, जिथे तिसरीची सतरंजी असायची तिथे. ती पोरं विहारात पाढे म्हणत होती.

भाऊजी आले तेव्हा छत्री बगलेत तशीच मिटलेली होती. आता 'मी सांगत नव्हतो का' ऐकायची मी तयारी केली. पण त्यांनी ढिगाऱ्यातली एक वीट उचलली, तिला चिकटलेला मातीचा गारा अंगठ्याने चुरला.

"हे भिंत म्याच बांधेल हाय, वहिनी. वीस वर्साचा व्हतो. ठेकेदार म्हने मातीत बांध, म्या बांधली. लातूरकडं इंजिनेर साह्यबानं कोपरे कसे जोडाचे, वरून शिमिटाचा पट्टा कसा फिरवाचा ते शिकवलं, तवा समजलं म्या काय करून ठेवलं."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"लाज वाटे."

मी त्यांच्यासाठी छत्री उघडली आणि आम्ही दोघं तशीच उभी राहिलो.

नव्या खोल्या झाल्या. त्या होईस्तोवर भाऊजींनी ठेकेदाराला अन्न गोड लागू दिलं नाही. वाटलं, आता ते थंडावतील. पण तरुणपणी त्यांच्या हाताने आणखी चार गावांत शाळेच्या खोल्या बांधल्या गेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. गुडघे दुखतात तरी त्या भिंती तपासायला ते एसटीने जातात. एका ठिकाणी चहा मिळाला, एका ठिकाणी शिपायाने फाटकावरूनच हाकललं.

गेल्या सोमवारी त्यातल्याच मोताळ्याकडच्या गावाला निघाले, तेव्हा मी शाळेच्या कागदावर तिथल्या मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहून दिली. पुष्कळ खाडाखोड करून शेवटी दोनच ओळी उरल्या: 'हे आमच्या घरचे आहेत. त्यांना बसायला द्या आणि ते म्हणतील ते ऐका.' भाऊजींनी चष्मा लावून ती सावकाश वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि कठड्याला धरून एक-एक पायरी एसटीत चढले.