वरची दोन घमेली पेंड

मागं एकदा आमच्या तालुक्याच्या गावी व्यापाऱ्यांची सभा झाली. पाहुणा शहरातला, लई शिकलेला. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा माल, निसर्गात काहीच वाया जात नाही, आपणही असंच एकमेकांना धरून धंदा केला पाहिजे, हे त्यानं तासभर समजावलं. मागून कोणीतरी उठून म्हणालं, "अहो, हे तर यांच्या वडिलांनी कवाच करून दाखवलंय!" सगळ्यांनी माझ्याकडं बघून टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले आणि खाली बघत बसलो. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. कशाची लाज वाटतेय हे तिथं एकालाही ठाऊक नव्हतं, म्हणून आता लिहितो.

युसूफ वडगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून आमची तेलाची गिरणी होती. शेजारच्या रानात एकाची वीटभट्टी. तो परळीहून थर्मल वीजकेंद्राची राख आणायचा, मातीत कालवून विटा पाडायचा आणि त्या भाजायला आमच्याकडची शेंगांची टरफलं न्यायचा. सुगी सरली की आष्टीकडून मेंढरंवाले मामा आणि मामी कळप घेऊन यायचे. मेंढरं पाणी प्यायची भट्टीवाल्याच्या हौदावर, पेंड खायची आमची, आणि बसायची आमच्या दोघांच्या रानात. त्या लेंड्यांवर पुढच्या साली भुईमूग असा यायचा की उपटताना वेल हाताला जड लागायचा. तीच शेंग परत आमच्या गिरणीत. यात कागद नव्हता, सही नव्हती. आमचे अप्पा म्हणायचे, "बाभळीला इचार की बे. शेंग शेळीला देती, शेळी लेंडी टाकती, त्यातनं दुसरी बाभळ उगवती. तिनं कवा करारनामा केला?"

अप्पांचे नियम दोनच. पहिला: उरलं ते मेंढराला, नासलं ते भट्टीला. बुरशी आलेली पेंड जनावरापुढं टाकायचीच नाही, सरळ जाळायला द्यायची. दुसरा नियम त्यांच्या बापापासून चालत आलेला. पेंडीचं पोतं मामांच्या हवाली करायच्या आधी त्यातली एक मूठ आमच्या म्हशीला चारायची, मामांच्या देखत. आधी आपल्या दावणीला, मग दुसऱ्याच्या. म्हशीनं खाल्ली की मामा पोतं उचलायचे. आत हात घालून बघायचे नाहीत. तसं बघणं म्हणजे अप्पांच्या तोंडावर थुंकल्यासारखं झालं असतं.

मी औरंगाबादेतून बी.कॉम. होऊन परत आलो तेव्हा सगळा बाजार बदलत होता. किराणा दुकानात पामतेलाच्या पिशव्या लोंबायला लागल्या, आणि आमच्या तेलाला गिऱ्हाईक तोंड फिरवू लागलं. अप्पांचे गुडघे धरले, गिरणी माझ्याकडं आली. माझ्या डोक्यात नवं शिक्षण भरलेलं. पशुखाद्याच्या एका कारखान्याचा दलाल आला, म्हणाला पेंड सगळी घेतो, टरफलंही घेतो, रोख. मी लगेच तयार! टरफलं गेली तसा भट्टीवाला एकदा येऊन विचारून गेला. "मालक, आमचं काय?" मी त्याला बाजारभाव सांगितला. पुन्हा तो आमच्या फाटकाच्या आत आला नाही. केवढी अक्कल पाजळली मी त्या दिवशी! आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्या साली मामा आले तेव्हा गोदामात चांगली पेंड उरलीच नव्हती. होती ती थप्पीच्या तळाची. अवकाळीत पत्रे गळले होते, खालची पोती भिजली होती, आतून हिरवट धरलं होतं. नियमानं ती भट्टीची. पण भट्टीवाला येत नव्हता, आणि त्याच्याकडं जायला माझी मान वाकत नव्हती. मामांना "पेंड नाही" म्हटलं असतं तर मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसली असती, आणि अप्पांनी विचारलं असतं, पेंड गेली कुठं? अप्पांना मी दलालाचं अर्धंच सांगितलं होतं.

मग मी काय केलं ते लिहितो. तीन पोती घेतली. खाली नासकी भरली. वर दोन-दोन घमेली चांगली पेंड टाकली, आमच्या म्हशीसाठी ठेवलेली. मामा आले. मी पहिल्या पोत्याचं तोंड सोडलं, वरची मूठ घेतली आणि म्हशीपुढं धरली. म्हशीनं चाटून पुसून खाल्ली. अप्पा ओसरीवर बसून बघत होते, त्यांना बरं वाटलं. मामांनी पोती उचलली.

पहिले काही दिवस काही झालं नाही. वरची पेंड होती तोवर चाललं. पुढं मेंढरं चारा सोडून मान टाकून उभी राहायला लागली. मग एका सकाळी तीन, दुसऱ्या दिवशी चार. अकरा मेली, त्यातल्या दोन गाभण. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला, म्हणाला खाण्यातून विष गेलंय. मामांनी पोतं उपडं केलं तर तळाला हिरवी बुरशी.

मी रानात पोचलो तेव्हा अप्पा काठी टेकत माझ्या आधी आले होते. त्यांनी मामांना विचारलं, "पेंड आमचीच व्हती न्हवं? मग दोष आमचा. भरून देतो."

मामांनी मान हलवली. "न्हाई अप्पा. तुमच्या म्हशीनं खाल्ली, मी डोळ्यानं बघितलं. मेंढरांनी बी आठ दिस खाल्ली. पेंडीत खोट न्हाई. ह्या बाईनं पोती उघडी ठिवली, दहिवर पडलं त्यात."

मामी मेलेल्या मेंढीपाशी बसली होती. ती उठली. "झाकलीती मी. घोंगडं टाकलंतं वर." मामा ऐकेनात. मग ती माझ्याकडं वळली. "दादा, तुमी तरी सांगा. खालची पेंड बी चांगलीच व्हती का?"

अप्पा माझ्याकडं बघत होते. मामाही. एक "नाही" म्हणायचं होतं, बस्स. मी म्हणालो, "मामी, आमची म्हैस तर धडधाकट हाय की दावणीला."

मामीनं पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. मामा तिच्यावर ओरडले, "आजपास्नं कोकराला हात लावायचा न्हाई तू! तुझ्या हाताला बरकत न्हाई." मेंढरांमागं चालणाऱ्या घरात कोकरं बाईची असतात. आजारी कोकरू ती कुशीत घेऊन निजते. एवढं मला ठाऊक होतं. मामांनी ठरल्याप्रमाणं उरलेली मेंढरं आमच्या रानात बसवली, आणि मगच पुढं गेले. पुढच्या सालापासून ते आमच्याकडं आले नाहीत. आमच्या रानाचं पाणी बाईला बाधलं, असा निरोप तेवढा आला.

सात वर्षांनी मी आष्टीच्या बाजारात गेलो होतो. अप्पा वारले होते, गिरणी बंद पडली होती. गर्दीत मामांनी हाक मारली. अप्पा गेल्याचं कळल्यावर त्यांचे डोळे भरले. "लई सच्चा मानूस," म्हणाले. ते ऐकलं आणि मला राहवलं नाही. भर बाजारात उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. तळाची पेंड, वरची घमेली, मूठ, सगळं.

मामा मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर सुटलो असतो.

"मेंढरं गेली ती गेली बे," ते म्हणाले. आजवर त्यांनी मला 'मालक' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. "दुसरी झाली. पन तिला मी सात सालं कोकराला हात लावू दिला न्हाई. सुना आल्या, त्यांच्यादेखत बोललो. ती एक दिस उलटून बोलली न्हाई. ते मी आता कसं भरून देऊ?"

त्यांनी माझा हात धरला.

"चल," मामा म्हणाले. "ती काय, लिंबाखाली बसलीया. माझ्यादेखत सांग तिला."

लिंबाखाली मामी आमच्याकडं पाठ करून बसली होती, बाजाराचं गाठोडं बांधत. शंभर पावलंही नव्हती.

मी म्हणालो, "मामा, माझी गाडी चुकंल. पुढच्या बाजारी खास त्यासाठी येतो."

मामांनी माझा हात सोडला आणि एकटेच लिंबाकडं गेले. मी स्टँडवर येऊन बाकड्यावर बसलो. गाडीला अजून तासभर होता. पुढच्या बाजारी मी गेलो नाही, नंतरही कधी गेलो नाही.