बाळंतपणाला निघालेले घरमालक

आमच्या घरमालकांइतका लेखी माणूस पुण्यात दुसरा झाला नाही, आणि पुण्यात झाला नाही म्हणजे जगात होण्याची शक्यता नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. सरकारी कचेरीत आयुष्यभर आवक-जावक सांभाळून ते निवृत्त झाले आणि वाघोलीत शेतांच्या मधोमध दुमजली घर बांधून राहिले. पुढे शेतं गेली, इमारती आल्या, कॉलेजं आली, आणि एका कॉलेजाबरोबर त्यांच्या वरच्या खोलीत मी आलो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील तालुक्याच्या गावी कपडे शिवत. शहरातली माणसं अशीच असणार, असं समजून मी चार वर्षं मुकाट्याने वागलो. पहिल्याच महिन्यात गच्चीवरची टाकी फुटली आणि पाणी थेट माझ्या गादीवर पडू लागलं. मी धावत खाली गेलो. घरमालक पेपर वाचत होते.

"काका, टाकी फुटली!"

"अर्ज करा."

"अहो काका, गादी भिजतेय."

"मग लवकर करा."

मी वहीचं त्यातल्या त्यात कोरडं पान फाडून अर्ज लिहिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि परत केला. "विषय कुठाय? विषय नसलेला अर्ज म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, इंजिनियर." पहिल्या वर्षापासून ते मला इंजिनियर म्हणत, त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला पदवी मिळेपर्यंत कळलं नाही. मी विषय घालून परत येईपर्यंत काकूंनी कुंपणावरून एक हाक मारून प्लंबर आणला होता. त्या घरात कामं काकूंच्या हाकेने होत आणि त्यांची नोंद काकांच्या फायलीत होई. काकू हसत सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा सगळी माणसं समोर बसलेली, पण ह्यांनी होकार काही तोंडाने दिला नाही. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. विषय, विवाहाबाबत."

हे सगळं मी आज हसत लिहितो आहे, पण माझा नोकरीचा पहिला अर्ज त्यांनी चार वेळा परत केला होता आणि पाचव्या वेळेला त्या अर्जावर मला नोकरी लागली. खोली मात्र मी सोडली नाही. माझा पासपोर्टचा फॉर्मही त्यांनीच तपासला. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "त्यांच्या पाया पड." मी पडलो. घरमालक म्हणाले, "निमित्त काय, ते तरी कळू द्या."

काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात डबा घेऊन गेलो होतो. त्यांची एकुलती एक मुलगी जर्मनीला असते. काकू छताकडे बघत म्हणाल्या, "पोरीच्या बाळंतपणाला आता कोण जाणार हो?" घरमालक औषधांची यादी तारीखवार लावत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मी." एवढंच. या माणसाने जन्मात तोंडी दिलेला तो बहुधा एकच शब्द असावा, आणि तो मी ऐकला आहे.

मुलीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी बुधवार पेठेत जाऊन नवी फाईल आणली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, इथे सगळं व्यवस्थित होतं, तुम्ही नका दगदग करू." त्यांनी ईमेलने उत्तर पाठवलं, मुद्दे एक ते अकरा. मग गल्लीतल्या आज्यांकडे जाऊन ते शिकायला बसले. आळीव किती भिजवायचे, डिंक कोणत्या तुपात फुलवायचा, शेक किती वेळ द्यायचा, बाळाला पायांवर कसं घ्यायचं. एक आजी म्हणाल्या, "अहो, अंदाजानं घालायचं." घरमालकांनी पेन थांबवलं. "अंदाज म्हणजे किती चमचे?" बाळाला न्हाऊ घालण्याचा सराव त्यांनी दुधी भोपळ्यावर केला. पाटावर बसून, पाय लांब करून, दुधीला तेल लावून, मानेखाली हात धरून. पहिल्या दिवशी दुधी दोनदा निसटला, दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी निसटला नाही. त्या तिन्ही दुधींची भाजी मी खाल्ली.

बाळंतपणाचं जमत आलं, तसा विमानाचा प्रश्न उभा राहिला. घरमालक तोवर विमानात बसलेच नव्हते आणि वाटेत आखातात विमान बदलायचं होतं. शेजारी तीनदा अमेरिकेला जाऊन आलेले एक गृहस्थ राहतात. ते म्हणाले, "काही नाही हो, सगळे चालतात त्यांच्या मागे चालायचं." घरमालक म्हणाले, "लेखी द्या." त्या दिवसापासून गृहस्थ दुसऱ्या रस्त्याने फिरायला जाऊ लागले. योगायोगाने माझ्या कंपनीने मला मुलीच्याच शहरात तीन महिन्यांसाठी पाठवायचं ठरवलं होतं. मीही विमानात कधी बसलेलो नव्हतो, पण ते मी कंपनीलाही सांगितलं नव्हतं आणि घरमालकांनाही. मुलीच्या तारखेला पाच दिवस होते. लेक अडलेली असेल तेव्हा आपण तिथे असायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मुंबईहून विमान उशिरा सुटलं आणि आखातात उतरलो तेव्हा पुढच्या विमानाला तासच उरला होता. घरमालकांनी फोन सुरू केला, तर जावयांचा मेसेज आलेला: पहाटे कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेलंय. त्यांनी तो दोनदा वाचला आणि फोन खिशात ठेवला. "चला, इंजिनियर." पण तिथे पुन्हा तपासणीची रांग होती, आणि घरमालकांच्या हातातल्या पिशवीत तीन किलो डिंकाच्या लाडवांचा डबा होता. अधिकाऱ्याने डबा उघडायला सांगितला. घरमालकांनी आधी कागद काढला. लाडवांतले जिन्नस, प्रमाण आणि औषधी उपयोग, इंग्रजीत टाईप केलेले, खाली सही. अधिकाऱ्याने तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. इतकं मन लावून त्यांचा मजकूर आजवर कोणी वाचला नसेल. घरमालकांच्या चेहऱ्यावर उशीर झाल्याचं दुःखही क्षणभर दिसेना.

धापा टाकत आम्ही गेट नंबर बारावर पोचलो. पासवर बारा, वरच्या पडद्यावर बारा. बसलो. तेवढ्यात गणवेशातली एक मुलगी आमच्या शहराचं नाव पुकारत, "गेट ट्वेंटी-एट, ट्वेंटी-एट," असं म्हणत निघून गेली. आजूबाजूची माणसं सामान उचलू लागली.

"काका, ती अठ्ठावीस म्हणतेय."

"म्हणू दे. पासवर बारा, पडद्यावर बारा. दोन लेखी आणि एक तोंडी. काय धरायचं?"

"सगळे चाललेत, काका."

"सगळे विहिरीत चालले तर?"

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. इतक्या वर्षांचे संस्कार होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बारा नंबरवर आम्ही दोघं आणि तोंडावर टोपी ठेवून झोपलेला एक गोरा, एवढेच उरलो. पडद्यावर अजून बाराच होते. घरमालकांच्या कपाळावर घाम होता. डब्याभोवती त्यांनी दोन्ही हात घट्ट धरले होते आणि ते पडद्याकडे असे बघत होते, की तो बोलला असता तरी त्यांनी ऐकलं नसतं. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. मग मी वही काढली, पान फाडलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं:

"विषय: गेट बदलल्याबाबत. महोदय, आपलं विमान गेट क्रमांक अठ्ठावीसवरून सुटत आहे. ताबडतोब धावणे, ही विनंती. आपला नम्र."

खाली सही केली. त्यांनी कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला.

"दिनांक राहिलाय," ते म्हणाले, आणि उठून पळत सुटले.

सत्तरीचा माणूस इतका पळू शकतो, हे मला माहीत नव्हतं. धोतर असतं तर कासोटा सुटला असता, अशा वेगाने ते सरकत्या पट्ट्यावरूनही पळाले. उभ्या माणसांना "अहो, आपण जरा बाजूला! बाजूला!" असं शुद्ध मराठीत ओरडत होते आणि माणसं बाजूला होत होती. अठ्ठावीसवर दार लावायला घेतलं होतं. तिथल्या बाईंपुढे इंग्रजी जुळवायला मी तोंड उघडलं, पण घरमालक माझ्या आधीच बोलले. "माय डॉटर," ते म्हणाले, आणि डबा छातीशी धरून थांबले. श्वास उरला नव्हता. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्या डब्याकडे पाहिलं आणि पास हातात घेतले.

संध्याकाळी जावई आम्हाला विमानतळावरून थेट दवाखान्यात घेऊन गेले. डबा माझ्या हातात होता म्हणून मीही गेलो. बाळ अजून झालं नव्हतं. मुलगी कॉटवर उशीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले, ओठ कोरडे. दार उघडल्याचा आवाज झाला तसं तिने वर पाहिलं. वडिलांकडे पाहिलं, आणि मग क्षणभर तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली, दारात आणखी कोणी आहे का ते बघायला. मागे मीच होतो. मी खाली पाहिलं.

ते घरमालकांनीही पाहिलं होतं. ते कॉटजवळ गेले, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाले, "एकटाच आलोय गं. पण सगळं शिकून आलोय."

तिने त्यांचा हात धरला. पुढची कळ आली तरी सोडला नाही.