खंडेनवमीची फायनल

आमच्या बॉक्सिंग क्लबचा हंगाम दसऱ्याला संपायचा. त्यामागे खेळाचं काही कारण नव्हतं. बंगळूरच्या ज्या मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सराव करायचो, तिथे दिवाळीनंतर लग्नं सुरू व्हायची आणि खोलीत पुन्हा पातेली येऊन पडायची, एवढंच. पण नव्वदीच्या मधल्या एका वर्षी कार्यालयाने भांड्यांसाठी वेगळी खोली बांधली आणि ही खोली कायमची आमची झाली. तेव्हापासून आमच्या सेक्रेटरीच्या अंगात सुधारणा संचारल्या.

सेक्रेटरी धंद्याने शिंपी. त्याचं घराणं तीनशे वर्षांपासून बंगळुरात, त्यामुळे त्याच्या मराठीत निम्मं कानडी; 'ठीक आहे'लाही तो 'सरी' म्हणे. मी निपाणीहून आलेलो, पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. दिवसभर लोकांच्या कामातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळे आणि संध्याकाळी तेच काम मी फुकट करत असे. क्लबातल्या लोकांच्या मते मी मराठी बोलतच नसे, भांडत असे.

तर सुधारणा. पहिली सुधारणा आरसा. तो एका सलूनवाल्याने दिला होता आणि त्याच्या कडेने केशरचनांची चित्रं चिकटवलेली होती, त्यामुळे ठोशांचा सराव करताना माणूस भांग कुठे पाडावा याचाही विचार करू लागे. दुसरी, एका शाळेने टाकून दिलेली पितळी घंटा. तिसरी, न्हाणीघराला दार. त्याआधी तिथे पडदा होता आणि पडद्याला आम्ही सरावलो होतो. चौथी आणि खरी सुधारणा म्हणजे रिंग. खोली सोळा फुटांची, रिंग तेरा फुटांची. उरलेल्या दीड फुटाच्या पट्टीत प्रेक्षकांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, अशी व्यवस्था होती. कॅनव्हास सेक्रेटरीने स्वतः शिवला, जुन्या शामियान्याचा. कोपऱ्याचे खांब, दोर ताणायचे स्क्रू, सगळं लोखंडकाम आमच्या टर्नरने आपल्या लेथवर केलं.

या टर्नरबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्याचीच आहे. पस्तिशीला टेकलेला, शांत माणूस. मी त्याला अण्णा म्हणायचो, तो मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. अकरा हंगाम तो खेळत होता आणि अकरा हंगामांत एकही लढत जिंकला नव्हता. पाय विलक्षण चपळ, पण एक खोड होती. ठोसा मारला की तो कुठे आणि किती बसला हे बघायला थांबायचा. लेथवरचा माणूस, कट मारला की माप घ्यायची सवय. तो माप घेत असताना समोरचा त्याला हाणून घ्यायचा. दसऱ्यानंतर त्याची होसकोट्याच्या कारखान्यात बदली होणार होती आणि पाळ्या अशा होत्या की संध्याकाळचा सराव संपलाच. म्हणजे हंगामाची फायनल ही त्याची शेवटची लढत. त्याची मुलगी तेव्हा दुसरीत होती. बाप बॉक्सर आहे हे तिने शाळेत सांगितलं होतं, आणि कधी जिंकले का, असं तिला विचारलं गेलं होतं. एकदा तिच्यासमोर जिंकायचंय, असं त्याने मला हातांना पट्ट्या गुंडाळताना सहज सांगितलं. आमच्याकडे फायनल म्हणजे फक्त हंगामाची शेवटची लढत, आणि निरोपाची म्हणून ती सेक्रेटरीने त्याला दिली होती, माझ्याशी. मी त्या हंगामात एकही लढत हरलो नव्हतो, आणि मी त्याला म्हटलं, बघू.

फायनल सेक्रेटरीने खंडेनवमीच्या दुपारी ठेवली. हिशेब सरळ होता. कारखान्यांत सकाळी आयुधपूजा होते, चुरमुरे-फुटाणे घेऊन सगळे दहापर्यंत मोकळे. मग आपल्या क्लबातही सकाळी पूजा, दुपारी जेवण, चार वाजता पाहुणे आणि लढत. इतक्या माणसांनी हे वेळापत्रक वाचलं आणि एकालाही त्यातली खोच दिसली नाही. दोष काढण्यात मी पटाईत, पण मलाही नाही.

पूजा केली सेक्रेटरीच्या थोरल्या बहिणीने. तिला सगळे अक्का म्हणत, तिच्यापेक्षा मोठी माणसंही. रिंगच्या चारी खांबांना केळीचे खुंट बांधले. पाटावर ग्लोव्ह्ज मांडले, घंटा, स्टॉपवॉच, दातांचे गार्ड आणि आयोडिनची बाटली. सगळ्याला हळद-कुंकू लागलं. दारात कोहळा फोडला. मग आमच्या म्हाताऱ्या वस्तादांना भरून आलं. ते म्हणाले, बॉक्सरचं खरं हत्यार त्याची मूठ, ग्लोव्ह हे नुसतं म्यान. झालं. मला आणि टर्नरला पाटासमोर बसवलं, मुठी पाटावर ठेवायला लावल्या, आणि अक्काने आमच्या चारी मुठींना गंध, अक्षता, फूल वाहिलं आणि आरती ओवाळली. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. माझ्या हातांची कुणी आरती करावी असं त्यांनी तोवर काही केलं नव्हतं.

मी प्रसाद घ्यायला हात पुढे केला तेव्हा अक्काने ताट मागे घेतलं.

"पुजलेलं हत्यार उद्या उचलायचं," ती म्हणाली. "आज नाही."

सेक्रेटरीच्या डोक्यात काय झालं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चार वाजता पाहुणे येणार होते. तो म्हणाला, अक्का, स्वल्प बघ की. अक्काने बघितलं, आणि एकेका वस्तूचा निवाडा दिला. ग्लोव्ह्ज नाहीत, ते हत्यार. घंटा नाही. स्टॉपवॉच नाही, पण मनगटावरचं घड्याळ चालेल, त्याला कुंकू लागलेलं नाही. रिंग चालेल, कारण रिंग म्हणजे हत्यार नव्हे, जागा. चपला मात्र बाहेर. बक्षिसाचा कप चालेल, ते भांडं. आणि या दोघांचे हात उद्या सकाळपर्यंत नाहीत. पूजा सोडवून मिळते का हे विचारायला भटजींकडे माणूस धाडला, तर भटजी कुठल्याशा लॉरी स्टँडवर साठ लॉऱ्यांच्या पूजेत अडकले होते.

आता कुणी म्हणेल, तुम्ही शिकलेली माणसं, हात वापरायचे. मीही तेच म्हणत होतो, जोरजोरात म्हणत होतो, पण छातीशी हात जोडून म्हणत होतो. ज्यांची आरती झाली ते हात वापरून उद्या मोडले तर काय घ्या, ही भीती मला निपाणीहून सोबत आलेली होती.

जेवायला चित्रान्न होतं. आम्ही दोघे शेजारी शेजारी बसलो आणि टर्नरच्या मुलीने आम्हाला चमच्याने भरवलं, एक घास अप्पाला, एक मला. माझ्या मिशीला भात लागला तो तिने तिच्या रुमालाने पुसला आणि नीट चावा म्हणाली. नाकाला खाज आली तर सेक्रेटरीला हाक मारावी लागे. न्हाणीघराच्या नव्या दाराची कडी उघडायला एक माणूस नेमला होता. पडद्याच्या काळात हे सोपं झालं असतं.

चारला पाहुणे आले. निवृत्त सुभेदार, एके काळचे स्वतः बॉक्सर. सेक्रेटरीने त्यांना कानडीत, हिंदीत आणि शेवटी हातवारे करून परिस्थिती सांगितली. मला वाटलं हे हसतील आणि निघून जातील. पण ते गंभीर झाले. नवमीला पुजलेली बंदूक आमच्याकडेही कुणी उचलत नसे, म्हणाले. मग त्यांनी विचार करून नियम सांगितला. बॉक्सिंग म्हणजे निम्मं मारणं, निम्मं चुकवणं. आज दोघांनी हात जोडून ठेवायचे आणि जिथे ठोसा बसला असता तिथे खांदा लावायचा. खांदा लागला की एक गुण. तीन फेऱ्या.

मी भरपूर भांडलो. पण दीड फुटाच्या पट्टीत चाळीस माणसं भिंतीला चिकटून उभी होती, पुढच्यांच्या पोटात दोर रुतत होते, आणि त्यांना काहीतरी बघायचं होतं. सेक्रेटरीने तोंडाने ठण्ण असा आवाज काढला आणि फायनल सुरू झाली.

अनवाणी, कपाळाला कुंकू, छातीशी नमस्कार, असे आम्ही दोघे एकमेकांवर धावून जात होतो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की दोन अतिनम्र माणसं आधी तुम्ही म्हणून हट्टाला पेटली आहेत. पहिल्या फेरीत मी सहा वेळा झेपावलो आणि सहा वेळा दोरात गेलो, म्हणजे प्रेक्षकांच्या अंगावर. टर्नर जागेवरच नसायचा. हात नव्हते, त्यामुळे ठोसा नव्हता, त्यामुळे थांबून बघण्यासारखं काही नव्हतं. अकरा वर्षं ज्या खोडीने त्याला मार खायला लावला ती त्या दिवशी बांधलेली होती आणि उरले होते फक्त ते पाय. दुसऱ्या फेरीत त्याचा खांदा माझ्या बरगडीला दोनदा लागला. तिसऱ्या फेरीत आणखी दोनदा. माझा एकदाही नाही. सेक्रेटरीने ठण्ण केलं, सुभेदारांनी टर्नरला विजयी ठरवलं आणि कप दिला. त्याला तो घेता येईना म्हणून मुलीने पुढे होऊन घेतला. कप तिच्या अर्ध्या उंचीचा होता. ती तो पोटाशी धरून सगळ्यांकडे बघत होती.

तेव्हा मी बोललो. माझा राग माझ्याआधी उठतो, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. मी भर खोलीत म्हणालो, "याला जिंकणं म्हणत नाहीत. ही लंगडी झाली. पोरींनी खेळायची."

टाळ्या थांबल्या. सुभेदार घड्याळ बघू लागले. मुलीने बापाकडे पाहिलं, मग कपाकडे, आणि तो जाऊन पाटावर ठेवून दिला. अगदी आवाज न करता ठेवला. टर्नर मला काही बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो फक्त जवळ येऊन म्हणाला, "तम्मा, पूजा सकाळी सहाला उतरते. ये."

घरी जाताना कंडक्टरने माझ्या खिशातून पैसे काढून तिकीट माझ्या जोडलेल्या बोटांत खोचलं. बसमध्ये तीन माणसांनी मला उलट नमस्कार केला. मी सगळ्यांवर चिडलो होतो आणि बस पुलाखालून गेली तोवर मला कळलं होतं की मी फक्त माझ्यावर चिडलो आहे. त्या पोरीने दुपारी मला भरवलं होतं. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो.

सकाळी सहाला चौघेच होतो. अक्का, आम्ही दोघे आणि मुलगी. ती आत आली नाही, बाहेर पायरीवर पाठ करून बसली. अक्काने पाटावर अक्षता टाकल्या, पाट हलवला आणि आमचे हात मोकळे केले. मग ग्लोव्ह्ज बांधून दिले, खुर्ची ओढून बसली आणि घंटा वाजवली. खरी घंटा, या फायनलसाठी ती पहिल्यांदाच वाजली.

मी मुद्दाम हरायचं, असं बसमध्ये ठरवलं होतं. पाच मिनिटांत ते विसरलो. मी खरोखरच मारत होतो, जीव तोडून मारत होतो, आणि ठोसे हवेत जात होते. टर्नर हात जोडल्यासारखे छातीशी धरून नुसता चुकवत होता, कालच्यासारखा. दोन फेऱ्या त्याने एकही ठोसा मारला नाही. तिसऱ्या फेरीत, माझा दम गेल्यावर, त्याने एकच मारला. डावा, सरळ, माझ्या ओठावर. आणि सवयीने थांबला, माप घ्यायला. माझी संधी हीच होती, पण मी खाली बसलो होतो.

तो वाकून माझ्याकडे बघत होता. आपल्याच हातावर त्याचा विश्वास बसत नव्हता. "लागलं?" त्याने विचारलं, आणि मग सॉरी म्हणाला. अक्काने घंटा वाजवली आणि आयोडिनची बाटली घेऊन आली.

टर्नर ग्लोव्ह्ज सोडवत बसला. मुलीला हाक मारायचं धाडस त्याला होत नसावं. मी ओठाला कापूस लावून बाहेर गेलो आणि तिच्या शेजारी पायरीवर बसलो. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

"कोण जिंकलं?" तिने विचारलं.

"तुझे अप्पा. कालपण तेच जिंकले होते."

"मग काल तुम्ही एवढं का ओरडत होता?"

"हरलो होतो म्हणून," मी म्हणालो.

"सरी," ती म्हणाली, आणि कप घ्यायला आत गेली.