तांबेदादा आणि बेहेड्यातली धनेशीण

तांबेदादांशी बोलायचं तर त्यांच्या मागे चालावं लागे. चहासुद्धा ते टपरीसमोर येरझाऱ्या घालत प्यायचे. मंडणगडकडच्या डोंगरवाड्यांमधून तीसेक वर्षं लाइनमन म्हणून फिरल्यावर त्यांचे पाय थांबणंच विसरले होते. मी आयटीआय करून त्यांच्याकडे अप्रेंटिस लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी माझं प्रमाणपत्र चालता चालता वाचलं आणि चालता चालताच परत दिलं.

खांबांवर तारा पेलणाऱ्या चिनी मातीच्या डिस्कना तडे गेलेत का, ते बघायला त्यांच्याकडे एक दुर्बीण होती. ती त्यांनी माझ्या गळ्यात अडकवली. तासाभरात मी ओरडलो, "दादा, तारेवर निळं काहीतरी अडकलंय! शॉर्ट होईल!"

"नीळकंठ आहे तो," दादा न थांबता म्हणाले. "त्याच्यामुळे लाइट जात नाय. तुझ्यामुळे जाईल."

तोवर माझ्या ओळखीचे पक्षी दोनच, कावळा आणि ताटातली कोंबडी. नीळकंठाने पंख उघडले, तसा मी बघतच राहिलो. त्या दिवशी पुढचे तीन खांब मी तपासलेच नाहीत. दादांनी ते माझ्याकडून तपासून घेतले, आणि मग संध्याकाळपर्यंत त्या तीनही खांबांवर काय काय बसतं तेही मला ऐकवलं. "डिस्क बघताना पक्षी दिसतो. पक्षी बघताना डिस्क दिसत नाय. एवढं लक्षात ठेव," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी अर्धंच लक्षात ठेवलं.

एप्रिलमध्ये पावसाआधीची फांदीतोड निघाली. तोडायच्या झाडांवर चुन्याने खुणा करायचं काम माझ्याकडे आलं. आडवी रेघ म्हणजे फांद्या छाटायच्या, खोडाभोवती गोल कडं म्हणजे झाड बुडातून. एका वाडीच्या वर जुना बेहेडा होता, त्याच्या दोन फांद्या तारेला लागत होत्या. मी रेघ ओढायला ब्रश टेकवला, तेवढ्यात पांढऱ्या फितीसारखी लांब शेपटी मिरवत स्वर्गीय नर्तक खोडामागे गेला. मीही त्याच्या मागे गेलो. तो पुढे, मी मागे, डोळ्याला दुर्बीण आणि हातातला ब्रश खोडाला तसाच टेकलेला. पक्षी उडाला तेव्हा बेहेड्याला सुबक कडं झालं होतं. आणि माझ्या ते गावीही नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर तोडणीच्या टोळीचा मुकादम करवतीत पेट्रोल भरत होता. दादांनी कडं पाहिलं, दुर्बीण ओढून वर लावली आणि त्यांचा चेहराच उतरला. उंचावर खोडात एक चिंचोळी फट होती.

"आत धनेशीण आहे. फट लिंपून स्वतःला कोंडून बसलीय पिल्लांवर. नर बाहेरून भरवतो, आला की दिसेल. झाड नाय तोडायचं."

"कडं केलंय. आम्ही खूण बघतो, पक्षी नाय."

"खूण माझी," मी म्हटलं. "चुकली."

"मग तसं साहेबांनी सांगायला हवं." साहेबांचा फोन लागेना. मुकादम म्हणाला, "इथे तर काहीच हलत नाय. पेट्रोल भरून होईपर्यंत पक्षी दाखवा, नायतर मी सुरू करणार."

दादा बेहेड्याखाली फेऱ्या मारू लागले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मुकादमाने टाकीचं झाकण लावलं तरी नर येईना. माझा जीव टांगणीला लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी दादांवर खेकसलो, "अहो बसा की! तुम्ही फिरताय म्हणून तो येत नाहीये!"

दादा बसले. त्यांचा गुडघा मात्र थांबेना, शेवटी मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला. मुकादमही नकळत उकिडवा बसला. मग पंखांचा भप्प भप्प आवाज आला. नर फटीशी टेकला आणि गळ्यातून एकेक उंबर काढून आत देऊ लागला. आतून चोचीचं टोक यायचं, उंबर घ्यायचं, पुन्हा आत जायचं.

"किती दिवस कोंडून आहे ही?" मुकादमाने हळूच विचारलं.

"दोन महिने झाले असतील."

"आणि हा एकटाच आणतो?"

"त्याला काय झालं तर आतले सगळे गेले."

मुकादम उठला. करवत बाजूला ठेवून त्याने कोयता घेतला आणि माणसाला म्हणाला, "त्या दोन फांद्या तेवढ्या काढ. हळू रे, मेल्या!"

महिनाअखेरीला दादा निवृत्त झाले आणि मुलाकडे विरारला गेले. तिथून दिवसातून तीनदा फोन. "आली का बाहेर?" मी रोज कामाआधी बेहेड्याखाली जायचो. मेच्या मध्यावर एका सकाळी फटीचं लिंपण फुटलं, धनेशीण धडपडत बाहेर आली आणि फांदीवर जेमतेम सावरली. मी लगेच फोन लावला.

"दादा, आली!"

"उडते का?"

"उडाली, पण वाकडी."

"तुला कोंडून ठेवला असता तर तू सरळ उडाला असतास काय? पिल्लू?"

"नाही दिसत अजून."

"मग फोन कानाला लावून काय उभा आहेस, मेल्या? वर बघ!"

त्यांनी फोन कापला. मी वर पाहिलं. फुटक्या फटीतून एक कोवळी चोच उजेडाकडे वळत होती.