कोरीटच्या वाटेवर वाजवलेली घंटी

कोरीटच्या एका म्हातारीचा डोळा माझ्या घंटीपायी गेला की तो आधीच गेलेला होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचार करायला बसलो की डोकं नुसतं गरगरतं.

मी तेव्हा नंदुरबारला मास्तर होतो. नवी सायकल घेतली होती आणि, खोटं कशाला बोलू, मला माज चढला होता. गावात सायकली बोटांवर मोजण्याइतक्या. मला वाटायचं रस्ता आपल्यासाठीच बांधलाय. गाडीवानांना वाटायचं तो त्यांच्या बापजाद्यांचा. रोज कोणाशी ना कोणाशी जुंपायचीच. बाजारातले एक शेटजी तर मला बघितलं की हात जोडायचे, "मास्तर, आजची आरती झाली का?" इतकी मी घंटी वाजवायचो.

त्या दिवशी सकाळी कोरीटला निघालो होतो. पुढे एक बैलगाडी, बरोब्बर रस्त्याच्या मधोमध आणि मुंगीच्या चालीने. कडेने जावं तर बाभळीचे काटे, ट्यूबची चाळण व्हायची. मी घंटी वाजवली. बैलांनी कान टवकारले आणि पाऊल उचललं. मला वाटलं, गडी मुद्दाम पुढे काढतोय. पुन्हा वाजवली, तर बैल पळायलाच लागले. गाडीवान कासरे ओढत मागे वळून ओरडला, "घंटी नको वाजाडू!"

अगदी स्पष्ट ऐकू आलं मला. तळपायाची आग मस्तकात गेली. वाट द्यायची नाही ती नाही, वर घंटीही वाजवू द्यायची नाही? मी घंटीवरचा अंगठा काढलाच नाही. गाडी उधळली, धाडकन एका चाकोरीत आदळली आणि थांबली.

गाडीवानाने उडी मारून माझी गचांडी धरली. मी त्याला हाणणारच होतो, तेवढ्यात गाडीत नजर गेली. जाड गवतावर गोधड्या घालून एक म्हातारी उताणी निजली होती. एका डोळ्यावर पट्टी. दोन्ही हातांनी तिने स्वतःचं डोकं गच्च धरलं होतं.

"मन्ही माय शे," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. एक डोळा पूर्वीच गेलेला. उरलेल्याचा मोतीबिंदू सुरतेला काढून ती दोघं सकाळच्या आगगाडीने नंदुरबारला उतरली होती; जाताना बैलगाडी तिथेच ओळखीच्याकडे ठेवलेली. महिनाभर मान हलता कामा नये, असं डॉक्टरने बजावलेलं. घरात बैलांची जोडी एकच, तीही शर्यतीची. मागून घंटी वाजली की पळायचं, एवढंच बैलांना शिकवलेलं. म्हणून आज त्याने त्यांच्या गळ्यातल्या घुंगरमाळासुद्धा उतरवून ठेवल्या होत्या.

तरी मी भांडलोच. मला काय स्वप्न पडलं होतं? तू बाजूला का घेतली नाहीस? तो म्हणाला, बाजूला खड्डेच खड्डे, माय हादरती. तू का नही उतरना? मी म्हणालो, काटे आहेत. त्याचं खरं, माझंही खरं, आणि म्हातारी आपली डोकं धरून पडलेली. शेवटी तीच म्हणाली, "जाऊ दे रे भाऊ, काही नही व्हयनं."

महिनाभर माझं शाळेत चित्त लागेना. पट्टी सुटली असेल असा हिशेब करून एका रविवारी कोरीटला गेलो. सायकलवर जायची हिंमत झाली नाही, पायीच गेलो. म्हातारी ओट्यावर बसली होती. मुलगा लगबगीने पुढे आला. त्याचा चेहरा कसा फुललेला! "दिखस म्हणस माय. सम्दं दिखस!" माझ्या जिवात जीव आला. डोळ्यांत पाणीच आलं हो माझ्या. त्याने आईला हाक मारून सांगितलं, "माय, तो सायकलवाला मास्तर उना."

"बठ भाऊ," ती म्हणाली. तोंड माझ्याकडेच होतं. मग हसून म्हणाली, "तुन्ही सायकल काय चमकी ऱ्हायनी रे!"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. ती हे त्याच्यासाठी बोलली की माझ्यासाठी, मला उमगेना. खरं बोलावं तर कोणाला, आणि कशासाठी?

"हो आजी," मी म्हणालो, "कालच पुसली."